श्रीपाददादाची चावी

‘पत्ता कुणी दिला त्याला?’

सरोजताई दारातच उभ्या होत्या. चपला काढायच्या विसरल्या होत्या. पांढऱ्या साडीवर पोटापासून गुडघ्यापर्यंत रक्त सुकून काळं पडत चाललं होतं, आणि तरी आवाज नेहमीसारखाच बेताचा.

मी खुर्चीतून उठले. ‘ताई, लावण्या...?’

‘ऑपरेशनला घेतलंय. पोटात वार आहे, हातांवर आहेत. डॉक्टर काही बोलत नाहीत.’ त्यांनी भिंतीला हात टेकला. ‘तिची पोरगी वाचली. मेहबूबबीनं तिला मोरीत कोंडून बाहेरनं कडी लावली. नंदा, मी विचारते ते सांग. पत्ता कुणी दिला?’

सोलापुरात आमची ‘पाठराखण’ नावाची संस्था होती. नवऱ्याच्या, सासरच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आम्ही शहरात वेगवेगळ्या भागांत खोल्या घेऊन ठेवायचो. पाटी नाही, बोर्ड नाही. कुठली बाई कुठल्या खोलीत आहे हे ताईंना माहीत असे आणि त्या खोलीत सोबतीला राहणाऱ्या बाईला. नवऱ्याला सोडून आलेल्या लावण्याच्या सोबतीला मेहबूबबी होती. तिसरी नोंद आमच्या सर्व्हरमध्ये, आणि सर्व्हर सांभाळणारी मी.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पण ती नजर मला कळली.

‘ताई, मी नाही.’

‘मी म्हटलं का तसं?’ त्या खाली बसल्या. ‘मशीन बघ. कुणी फोडलंय का बघ.’

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नव्हतं. ऑफिसच्या मागच्या कोठीत, जुन्या सतरंज्यांच्या शेजारी, टेबलाखाली मावेल एवढं एक काळं खोकं. आमची वेबसाइट त्यावरच चालायची. रात्री-अपरात्री एखादी बाई मोबाइलवरून चार ओळी लिहून मदत मागायची, ते त्यातच उतरायचं. बाकीच्या संस्था असलं सगळं बाहेरच्या कंपनीकडे ठेवायला देत. ताईंनी ठाम नकार दिला होता. ‘माझ्या बायकांची नावं परक्याच्या घरात राहणार नाहीत,’ असं त्या म्हणाल्या आणि श्रीपाददादानं ते खोकं आणून बसवलं.

श्रीपाद मंगळवेढेकर. सात रस्त्याजवळ त्याचं कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस होतं. आमच्याकडे तो हौसेनं यायचा, चहासुद्धा घ्यायचा नाही. मी संस्थेत टायपिंगला लागले होते. मला त्यानंच शिकवलं. माउस नाही, चित्रं नाहीत, काळ्या स्क्रीनवर आपण हुकूम लिहायचा आणि मशीननं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी मी चुकून मशीन बंदच केलं आणि रडायला लागले. तो हसला नाही. म्हणाला, ‘बरं झालं. आता चालू कसं करायचं ते शीक.’

मशीन बघायचं कसं तेही त्यानंच शिकवलं होतं. बाहेरून आत यायच्या सगळ्या वाटा आधी बंद करायच्या आणि मग लागतील तेवढ्याच उघडायच्या. पासवर्डनं कुणाला आत घ्यायचं नाही. ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये आपण दिलेली चावी आहे, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक फाइल आहे, त्यालाच दार उघडेल. आत आलेल्या प्रत्येकाची नोंद आपोआप होते. त्या नोंदींची एक नक्कल ताईंच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवर जायची, कारण चोर आत शिरला की पहिल्यांदा स्वतःच्या पाऊलखुणा पुसतो.

मी कोठीत जाऊन बसले. एकेक हुकूम दोनदा लिहावा लागत होता. गेल्या आठवड्याच्या नोंदी उघडल्या. दारावर धडका होत्याच, त्या रोज असतात. कुठल्या कुठल्या देशांतून कुणी कुणी पासवर्ड ठोकून बघत असतं. सगळ्यांना नकार मिळालेला. वेबसाइटच्या बाजूनंही कुणी शिरलेलं नव्हतं. फायली बदललेल्या नाहीत, नवा माणूस तयार केलेला नाही. कुलूप शाबूत होतं. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग रविवारची एक ओळ दिसली. चावी स्वीकारली. नाव: श्रीपाद.

त्यात वावगं काही नव्हतं. तो अधूनमधून यायचाच, अपडेट बघायला. मी पुढची ओळ वाचली. मशीनच्या मालकाचे अधिकार वापरून दिलेला प्रत्येक हुकूम त्या नोंदीत जसाच्या तसा उतरतो. त्यानं एकच हुकूम दिला होता. तो मी आज इथे लिहीत नाही, पण त्यात लावण्याचं नाव होतं, आणि ‘पत्ता’ हा शब्द होता. मग तो बाहेर पडला होता.

मी किती वेळ तशी बसले मला सांगता येणार नाही. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर ताई कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मी उठले नाही. आधी यादीतून त्याची चावी काढून टाकली. रडण्याआधी ते केलं, एवढं आठवतं.

दुपारी तो आला. ताई दवाखान्यात परत गेल्या होत्या. त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि चेहरा असा, की ताप आलेला माणूस वाटावा.

‘कशी आहे ती?’

‘ऑपरेशन झालं. शुद्ध नाही.’

तो माझ्यासमोर बसला. बॅगेतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला, उघडला. ‘जरा लॉग बघतो, नोंदी. कुणी शिरलं असेल तर...’ त्यानं काहीतरी टाइप केलं. थांबला. परत टाइप केलं. स्क्रीनवर काय आलं असेल ते मला न बघता माहीत होतं. परवानगी नाही. त्यानंच उभं केलेलं मशीन त्याला पहिल्यांदा दारातून परत पाठवत होतं.

त्यानं हळूच लॅपटॉप मिटला.

‘बघितलंस?’

‘बघितलं.’

‘बरोबर केलंस,’ तो म्हणाला. मग लॅपटॉप बॅगेत सरकवला. ‘नंदा, तो रडला गं माझ्यासमोर. सत्या. आम्ही एकाच मंडळाचे, लहानपणापासून लेझमीला एकत्र. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता. म्हणाला, पोरीचा वाढदिवस आहे, लांबून बघतो. रस्त्यावर उभा राहतो, तिला कळणारसुद्धा नाही. फ्रॉक आणला होता त्यानं. मला दाखवला.’

‘आणि तू पत्ता दिलास.’

‘तो बाप आहे तिचा!’

‘दादा, लावण्याचा हात त्यानं इस्त्रीनं भाजला होता. तो फोटो तूच अपलोड केलास.’

बाहेर भंगारवाल्याची हाळी आली आणि गेली.

‘मला माहीत नव्हतं तो कोयता घेऊन जाईल. देवाशपथ माहीत नव्हतं.’

‘माहीत आहे मला.’

‘मग?’ त्यानं मान वर केली. ‘तो जागेवर पकडला गेलाय. लोकांनी बघितलंय. त्याला जन्मठेप होणार. माझ्या त्या एका ओळीनं त्यात काय वाढणार आहे? घरी विद्याला सातवा महिना आहे, नंदा.’

तो उठला, दारात गेला, परत वळला. ‘दोन्हीकडच्या नोंदी आहेत ना? ताईंच्या घरच्या मशीनवरपण?’

‘आहेत.’

‘हं,’ तो म्हणाला. ‘मीच लावलं होतं ते.’ आणि गेला.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. श्रीपादला त्यांनी पोटच्या पोरासारखा मानला होता. त्या कोसळतील अशी मला भीती होती. त्या कोसळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘आणखी कुणाला सांगितलंस?’

‘कुणाला नाही.’

‘इन्स्पेक्टर येऊन गेले. ते म्हणतात, लावण्यानं मेहबूबबीच्या फोनवरून आईला फोन केला होता. तिथून फुटलं असेल.’

‘पण ताई, तिनं पत्ता सांगितला नव्हता. मेहबूबबी शेजारीच होती, तिनंच सांगितलं मला.’

‘मला माहीत आहे.’ त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार पडला होता. ‘नीट ऐक. आज आपल्या खोल्यांतून एवढ्या बायका आहेत. उद्या पेपरात आलं, की पाठराखणच्याच माणसानं पत्ता फोडला, तर काय होईल? महिला-बालकल्याण खात्याचे लोक येतील, कुलूप लावतील. या बायका कुठे जातील? सांग मला. शोभा कुठे जाईल? ती हरणाबाई, तिचे भाऊ तिला शोधत फिरतायत, ती कुठे जाईल?’

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ती ओळ काढता येते?’

त्या बाईनं मला माझ्या पायावर उभं केलं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी, लग्न मोडलं त्या वेळी, दोन्ही वेळा त्या माझ्या बाजूनं उभ्या होत्या. त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

‘येते,’ मी म्हणाले.

‘मग विचार कर. लगेच नको सांगू.’

दुसऱ्या दिवशी लावण्याला शुद्ध आली. एकेकाला पाचेक मिनिटं आत सोडत होते. मी गेले तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि ओठ सुकून पांढरे पडले होते. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. आमच्याकडे आली तेव्हा पहिले दोन दिवस नुसती झोपून होती. मग एक दिवस उठून सगळ्या ऑफिसची फरशी पुसून काढली आणि मला म्हणाली होती, ‘अक्का, मला पण शिकवा की हे काळं काळं लिहायला.’

‘भार्गवी?’ तिनं पोरीचं विचारलं.

‘बरी आहे. मेहबूबबीपाशी आहे. जेवली.’

तिनं डोळे मिटले. कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला तिला हात नव्हते, मी पुसलं.

‘अक्का, माझ्यामुळं झालं.’

‘काय?’

‘मी अम्माला फोन केला. ताईंनी नको म्हटलं होतं. मला लई आठवण आली म्हणून केला.’ ती श्वासासाठी थांबली. ‘मी काय सांगितलं नव्हतं. नुसतं बरी आहे म्हटलं. पण फोनवरनं कळतं म्हणतात ना, कुठनं केला ते? पोलीस तेच विचारत होते.’

‘तुझ्या फोनमुळं नाही.’

‘मग?’

‘मी मशीन बघितलं, लावण्या. तुझ्या फोनमुळं नाही. नक्की नाही.’

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं बोलतेय की समजूत घालतेय हे ती ताडून बघत होती. नर्सनं वेळ झाली म्हणून खूण केली. मी उठले तेव्हा लावण्याचे डोळे दाराकडे लागले होते, तिथे तिची आई उभी होती. आत यायची तिची हिंमत होत नव्हती.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी लावण्या गेली. पोटातली जखम चिघळली होती.

मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली तिच्या माहेरची माणसं जमली होती. पूर्व भागातली यंत्रमागावर राबणारी माणसं, कुणी कामावरून तसंच उठून आलेलं, केसांत कापसाचे तंतू. मधोमध नरसम्मा, लावण्याची आई, जमिनीवर फतकल मारून बसली होती. ती रडत नव्हती. उजव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारत होती. एक, आणि परत एक. कुणी तिचा हात धरत नव्हतं.

‘कशाला घेतलास फोन?’ लावण्याचा थोरला भाऊ तिच्यापुढे उभा राहून ओरडत होता. ‘घेतलास तर घेतलास, गल्लीभर सांगत फिरलीस, माझ्या लेकीचा फोन आला, लेकीचा फोन आला! त्याच्या कानावर जाणार नाही तर काय होणार? तू मारलंस तिला!’

लावण्याचे वडील थोडे बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

सरोजताईही तिथेच होत्या, इन्स्पेक्टरच्या शेजारी. मी त्यांच्याकडे बघितलं. हे सगळं त्या ऐकत होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या, तर त्या बाईचा हात थांबला असता. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान वळवली.

मी इन्स्पेक्टरकडे गेले. ‘साहेब, पत्ता फोनवरून फुटलेला नाही. आमच्या सर्व्हरवरून गेलाय. कुणी घेतला त्याची नोंद आहे माझ्याकडे.’

‘नंदा,’ ताई म्हणाल्या.

‘दोन ठिकाणी आहे. तुम्ही माणूस पाठवा, मी काढून देते.’

‘नंदा!’

मी ताईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला पुढे बोलता आलं असतं की नाही, ठाऊक नाही.

त्यानंतर ताई म्हणाल्या होत्या तसंच झालं, अक्षरशः तसंच. पेपरात आलं. खात्याचे लोक आले, संस्थेची मान्यता गेली, खोल्या रिकाम्या कराव्या लागल्या. काही बायकांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली. शोभा नवऱ्याकडे परत गेली. हरणाबाईला तिचे भाऊ येऊन घेऊन गेले. ती गाडीत बसताना मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते. तिनं मला बघितलं आणि ओळख दिली नाही. पुढे तिचं काय झालं ते मी खूप शोधलं. मला कळलं नाही.

सत्याला जन्मठेप झाली. श्रीपाददादावरचा कटाचा आरोप कोर्टात टिकला नाही, पण माहिती चोरून दुसऱ्याला दिल्याबद्दल शिक्षा झाली. साक्षीच्या वेळी मी पिंजऱ्यात उभी राहून ती ओळ वाचून दाखवली. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या वकिलानं विचारलं, ही नोंद बनावट नाही कशावरून? मी समजावून सांगितलं, कशी उतरते, नक्कल कुठे जाते, बदलली तर कशी कळते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्याच शब्दांत सांगते आहे.

सरोजताई माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. अंत्ययात्रेला मी गेले होते, मागे उभी राहिले. विद्यावहिनी पुढे होत्या, मुलाचं बोट धरून.

लोक मला विचारतात, मी बरोबर केलं का. मी अजून तेच काम करते, आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या लोकांची मशीन सांभाळते. कधीकधी काम करताना हरणाबाईचा चेहरा समोर येतो आणि मला हात थांबवावे लागतात. तेव्हा मला दुसरी एक सकाळ आठवून बघावी लागते.

लावण्याच्या दहाव्याची ती सकाळ. पोलिसांत जबाब होऊन गेला होता, श्रीपाददादाला अटक झाली होती, तरी मला कळलं, की नरसम्माशी घरात कुणी बोलत नाही. पेपरात आलेलं त्यांच्यातल्या कुणाला नीट समजलं नव्हतं. सर्व्हर, डेटा, असलं काहीबाही. फोन झाला होता एवढं मात्र सगळ्यांना समजलं होतं.

मी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत माग, त्यावर अर्धवट विणलेला टॉवेल तसाच. आत पंधरावीस माणसं बसलेली. नरसम्मा चुलीपाशी कोपऱ्यात होती. गालावर काळेनिळे वळ. भार्गवी तिच्या मांडीवर झोपली होती.

मी तिच्यासमोर बसले. ‘अम्मा, लावण्याच्या फोनमुळं काही झालं नाही. तुमच्यामुळं झालं नाही. आमच्या ऑफिसातल्या माणसानं पत्ता दिला.’

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘फोननं नव्हे?’

‘नव्हे.’

‘मी गल्लीत सांगितलं, ते?’

‘त्यानंही नव्हे. त्याला पत्ता आमच्याकडूनच मिळाला. आमच्या माणसाकडून. त्याचं नाव लिहून आहे. मी स्वतः बघितलंय.’

तिचा हात भार्गवीच्या डोक्यावरून फिरत होता, तो थांबला. ‘मोठ्यानं सांग,’ ती म्हणाली. ‘ह्यांना सांग.’

मी उठून उभी राहिले. एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मराठी सगळ्यांना पुरतं कळत नव्हतं, एक पोरगी मागून तेलुगूत सांगत होती. मी नाव सांगितलं, दिवस सांगितला, कसं घेतलं, कुणाला दिलं ते सांगितलं. लावण्यानं आईला फोनवर काय सांगितलं होतं तेही सांगितलं. नुसतं बरी आहे, एवढंच.

थोरला भाऊ गुडघ्यांत तोंड घालून बसला. लावण्याचे वडील भिंतीजवळून उठले. माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि चुलीपाशी येऊन नरसम्माच्या पुढ्यात ठेवलं. तिनं हात लावला नाही. ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी पेला उचलला, तिची हनुवटी धरली, आणि लहान पोराला पाजावं तसं तिला थोडं थोडं पाणी पाजायला लागले.